एकशेवीस तासांचा हिशेब
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री शेवभाजीच्या पंगतीत मला सांगण्यात आलं की उद्या तुला वीस मिनिटं बोलायचं आहे आणि विषय आहे ‘सेवा’. मी म्हटलं, विषय थोडा लहान करून द्या. तर संयोजक म्हणाले, तू राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतास ना, मग सेवेवर बोलायला तुला काय तयारी लागते? ही आपल्या बॅचची जुनी खोड आहे. शाळेतही निबंध वाचायला उभं करताना कुणी विचारायचं नाही की लिहिला आहे का.

तयारी लागते, कारण ज्या विषयात आपण सह्या केलेल्या असतात त्यावर बोलणं जरा अवघड असतं. हजेरीपटावर, तासांच्या नोंदवहीवर, प्रमाणपत्रांवर मी सहा वर्षं सह्या केल्या. त्यातल्या काही सह्या मला अजून आठवतात. त्याबद्दल बोलायचंच आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

तुम्हाला आपला ‘समाजसेवा’ हा विषय आठवतो का? त्याला गुण नव्हते, श्रेणी होती. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास. पाण्याच्या हौदाभोवतीचं शेवाळ घासायचं, मैदानातले दगड वेचून कुंपणापाशी टाकायचे. पुढच्या शनिवारी दुसऱ्या तुकडीने तेच दगड कुंपणापासून मैदानाच्या कडेला आणायचे, कारण त्यांनाही काम हवं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना ‘अ’. बाई आज समोर बसल्या आहेत म्हणून विचारतो: बाई, सगळ्यांना ‘अ’ कसा? (बाई हसत आहेत, म्हणजे उत्तर मिळालं.) मी स्वतः कार्यक्रम अधिकारी झाल्यावर मला कळलं की सगळ्यांना ‘अ’ देणं हाच त्यातला सर्वांत प्रामाणिक मार्ग होता. सेवेला श्रेणी द्यायची म्हणजे नक्की काय मोजायचं, हा प्रश्न बाईंनी त्यांच्या पद्धतीने सोडवला होता. सरकारलाही हा प्रश्न पडला होता आणि तो सुटायला वीस वर्षं लागली.

ही हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, 1948 साली, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण ती ऐच्छिक असावी, असं त्या आयोगाचं मत पडलं. मग 1958 साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं की पदवी मिळण्याआधी समाजसेवा ही अटच का घालू नये? पुढच्या वर्षी त्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारा माणूस. समिती नेमली तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. चिंतामणरावांच्या समितीने सांगितलं, शालान्त परीक्षा झाल्यावर कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी.

कल्पना करा, ते मान्य झालं असतं तर 1980 साली दहावी झाल्यावर आपण सगळे, मुलीसुद्धा, वर्षभर कुठल्या तरी गावात असतो. कापसाच्या वेचणीला आपल्यातल्या निम्म्यांचे हात घरी लागत होते. आपल्या घरच्यांनी ते वर्ष सरकारला दिलं असतं का? माझ्या वडिलांनी तरी दिलं नसतं. सरकारलाही खर्च आणि अडचणी दिसल्या, आणि ती शिफारस बाजूला पडली. मग प्रा. सैयदैन यांनी वेगवेगळ्या देशांत तरुणांकडून राष्ट्रसेवा कशी घेतली जाते याचा अभ्यास करून 1960 साली अहवाल दिला. 1964 ते 66 चा कोठारी आयोग आला, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. त्या आयोगाने म्हटलं की शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांचा समाजसेवेशी कुठल्या ना कुठल्या रूपात संबंध यावा. एवढे आयोग, एवढ्या समित्या झाल्यावर, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी 40,000 विद्यार्थी. तीन वर्षांत आपल्याकडे 1972 चा दुष्काळ पडला आणि 1973 ची शिबिरं ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या विषयावर झाली. आपण तेव्हा लहान होतो, पण सुकडी आणि खडी फोडायची कामं आपल्या सगळ्यांना आठवतात.

सक्ती गेली, ऐच्छिक आली. पण ऐच्छिक गोष्ट सरकारी कागदावर उतरवायची म्हणजे ती मोजावी लागते. म्हणून आकडा आला: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास, आणि त्यात सात दिवसांचं एक निवासी शिबिर. शंभर विद्यार्थ्यांचं एक युनिट, त्यावर एक कार्यक्रम अधिकारी, आणि एक दत्तक गाव. योजनेच्या बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. थोडक्यात, आठही प्रहर सेवेला तयार. आणि नोंदवहीत मात्र 120 तास.

मी 1993 मध्ये कार्यक्रम अधिकारी झालो. झालो म्हणजे काय, प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, तुम्ही तरुण आहात, तुमच्याकडे द्यायचं ठरलं आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ नुकतंच 1990 ला जळगावला झालं होतं. त्याआधी आपण पुणे विद्यापीठाचे. नवं विद्यापीठ, नवा उत्साह, कागद भरपूर. पहिलं शिबिर बोरीकाठच्या एका गावात घेतलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावचे दोन जण इथे बसलेले आहेत आणि ते माझ्या सगळ्या चुका जाणतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. पहाटे प्रभातफेरी, आठ ते बारा श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मी ठरवलं की गावाच्या नाल्यावर वनराई बंधारा बांधायचा. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे तेव्हा ही गोष्ट सगळीकडे पोचली होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, नाल्यात एकावर एक रचायच्या, सांधे बुजवायचे. पैसा जवळजवळ लागत नाही, हात लागतात. आमच्याकडे पन्नास मुलं होती, म्हणजे शंभर हात. चार दिवसांत बंधारा उभा राहिला. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. नाल्यावर बसलेले एक म्हातारे आप्पा रोज येऊन बघायचे, काही बोलायचे नाहीत. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं होतं, “खड्डा खंदाले उनात का फोटू काढाले?” मी हसून सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने त्यांना विचारलं, आप्पा, कसा झाला बंधारा? आप्पा म्हणाले, “बांध दिवाळीले घालतस भाऊ, संक्रांतले नही.”

एवढंच. मी नाल्याकडे बघितलं. 1995 चा जानेवारी होता. नाल्यात पाणीच नव्हतं. ज्यात अडवायला काही उरलेलं नाही अशा कोरड्या नाल्यात आम्ही चार दिवस घाम गाळून बंधारा बांधला होता. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये नाल्याला जी धार असते ती अडवायची असते. पण शिबिर जानेवारीत का? कारण पहिल्या सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या आधी, मग सुट्टी, मग अनुदान, मग मंजुरी, मग सोयीची तारीख. त्या सगळ्या कागदांत नाल्याची तारीख कुठेच नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने ती एका वाक्यात सांगितली असती. आम्ही विचारलंच नव्हतं. गावाला ‘दत्तक’ घेतलं होतं ना, दत्तक घेतलेल्याला कोण विचारतं?

पुढच्या वर्षी मी एक गोष्ट शहाणपणाची केली. दसऱ्याच्या सुमारास दोन रविवार आम्ही त्याच गावात गेलो. शिबिर नाही, मुक्काम नाही, भाकरी बांधून गेलो. जागा आप्पांनी दाखवली, गोण्या गावाने गोळा केल्या, आणि या वेळी गावातली माणसंही नाल्यात उतरली. त्या उन्हाळ्यात काय झालं याचे आकडे माझ्याकडे नाहीत आणि मोठा दावा मी करणार नाही. पण पुढच्या दसऱ्याला गावाने आम्हाला न विचारता तो बंधारा पुन्हा बांधला. गोण्या वर्षभरात सडतात, त्यामुळे दरवर्षी बांधावाच लागतो. मला कुणी विचारलं की तुझ्या सहा वर्षांत काय झालं, तर मी हे एकच सांगतो: एक बंधारा आमच्याशिवाय बांधला गेला. झाडांबद्दल विचारू नका. खड्डे तेच असायचे, रोपं दरवर्षी नवी.

आता सह्यांकडे येतो.

सेवा योजनेचे 120 तास आणि शिबिर पूर्ण केलं की परीक्षेत काही सवलतीचे गुण मिळायचे. त्यामुळे जूनमध्ये नाव नोंदवायला गर्दी, आणि फेब्रुवारीत तास भरून घ्यायला त्याहून मोठी गर्दी. माझ्याकडे एक मुलगा होता, नाव सांगत नाही. वडिलांचं गावात वजन होतं. तो दोन रविवार आला, शिबिराच्या उद्घाटनाला आला, समारोपाला आला. माझ्या टेबलावर त्याची नोंदवही आली तेव्हा तिच्यात 120 तास सुबक अक्षरात भरलेले होते. मी सही केली. कुणी माझ्यावर फार दबाव आणला असंही नाही. एक फोन आला होता, तोही गोड आवाजातला. सही माझी होती.

त्याच वर्षी दुसरा एक मुलगा होता. शेजारच्या तालुक्यातून एसटीने यायचा. वडील सालदार. रविवारी मालकाच्या शेतात वडिलांबरोबर कामाला जावं लागे, म्हणून त्याचे तास भरेनात. डिसेंबरात तो माझ्याकडे आला. म्हणाला, सर, मी रविवारी येऊ शकत नाही, पण माझ्या वस्तीत रात्री बायांना अक्षरओळख शिकवतो, ते तास धरता येतील का? तेव्हा साक्षरतेची मोहीम चालू होतीच, त्यामुळे विचारण्यात चूक काही नव्हती. मी नियम बघितला. नियमात दत्तक गाव होतं, त्याची वस्ती नव्हती. पर्यवेक्षण हवं होतं, रात्री तिथे मी जाणार नव्हतो. मी सांगितलं, धरता येणार नाहीत. तो “बरं सर” म्हणाला आणि गेला. त्याचे 48 तास झाले होते. प्रमाणपत्र मिळालं नाही.

1999 साली लोकसभा आणि विधानसभा निवडणुका एकत्र झाल्या, तेव्हा मला केंद्राध्यक्ष म्हणून त्या तालुक्यात ड्यूटी लागली. केंद्र योगायोगाने त्याच्याच गावात. दुपारी वस्तीवरच्या बायांची रांग आली. आमच्या मतदान अधिकाऱ्याने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला, अंगठ्यासाठी. पहिली बाई म्हणाली, “माले सही येस.” तिने सही केली. हळूहळू, अक्षर अक्षर दाबून. मागच्या बाईनेही सही केली. तिच्या मागचीनेही. अंगठे होतेच, नव्हते असं नाही. पण सह्या इतक्या होत्या की मी विचारलं, कुणी शिकवलं? त्यांनी नाव सांगितलं.

मी तिथे काही बोललो नाही. केंद्राध्यक्षाने बोलायचंही नसतं. त्या मुलाने ते वर्ष सोडून पुढेही दोन हिवाळे वर्ग चालवला होता, हे मला संध्याकाळी गावच्या कोतवालाने सांगितलं. त्याचा एकही तास कुठल्याही नोंदवहीत नाही. आणि ज्याच्या 120 तासांवर माझी सही आहे, त्याला ते प्रमाणपत्र कुठे ठेवलं आहे हेही आठवत नसेल.

हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही, तुम्ही काही न्यायाधीश नाही. सांगायचं कारण असं की नोंदवही वाईट असते, असा सोपा निष्कर्ष काढणारेही मला भेटतात आणि तो मला पटत नाही. नोंदवही नसती तर ते शंभर हात त्या नाल्यावर कधी गेलेच नसते. शहरात वाढलेल्या कितीतरी मुलांनी सालदाराचं घर आतून पहिल्यांदा शिबिरातच पाहिलं. आठ दिवस एकत्र झोपल्यावर, एका पंगतीत कळण्याची भाकरी खाल्ल्यावर जातीची काही गाठोडी तिथेच गळून पडताना मी बघितली आहेत. चूक मोजण्यात नव्हती. आपण देणाऱ्याचे तास मोजत होतो. घेणाऱ्याच्या बाजूला काय पोचलं, हा रकाना त्या वहीत नव्हता, आणि मीही तो कधी आखला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कॉलेजच्या पोरांचं, आपल्याला काय? तिकडेच येतो आहे.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची मुलगी अमेरिकेत असते. गेल्या वर्षी मी तिच्याशी बोलत होतो. तिथे 1993 च्या कायद्यानंतर जवळजवळ प्रत्येक राज्यात स्वयंसेवेसाठी एक आयोग आहे. राज्याचा गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री म्हणा, त्याचे सदस्य नेमतो. केंद्राकडून येणारा पैसा तो आयोग गावोगावच्या संस्थांना देतो, त्या संस्था माणसं घेतात, आणि पूर्ण वर्ष देणाऱ्याला 1,700 तास भरावे लागतात. म्हणजे तास तिथेही मोजतातच, आणि आपल्या 120 पेक्षा भरपूर मोजतात. पण मला त्यातली दुसरी गोष्ट लक्षात राहिली. त्याच व्यवस्थेत 55 वर्षांवरच्या लोकांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. निवृत्त माणसं शाळेत मुलांना वाचायला शिकवतात, एकट्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवतात, पूर आला की मदतीला जातात. सरकार त्यांची नावं नोंदवतं, त्यांना काम जोडून देतं.

आपल्याकडे सेवा योजना विद्यार्थ्यांसाठी. नेहरू युवा केंद्र होतं, ते तरुणांसाठी. 2023 साली ‘माय भारत’ आलं, तेही 15 ते 29 वयाच्यांसाठी. नव्या शैक्षणिक धोरणात सेवा योजनेला श्रेयांक मिळायला लागले, तेही विद्यार्थ्यांना. आपण साठीच्या आसपास आहोत. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. तुमच्यातले बरेच झालेत, उरलेले होतील. सकाळी फिरणं, पेपर, व्हॉट्सॲपवर सुप्रभात, आणि मग दुपार. एवढे तास आयुष्यात कधीच मोकळे नव्हते. आणि त्यांची नोंद ठेवणारा, ते कुठे लावायचे हे सांगणारा कुठलाही आयोग आपल्यासाठी नाही.

म्हणून मी कमानीबद्दल बोलणार आहे. मला माहीत आहे, हा विषय आज काढायचा नव्हता.

आपल्या बॅचने जमवलेल्या रकमेतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधावी, वर बॅचचं वर्ष कोरावं, असं कालपर्यंत ठरत आलं होतं. कमान चांगली गोष्ट आहे. हमरस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल. माझा विरोध नाही, आणि ज्यांनी रात्रंदिवस फोन करून पैसे जमवले त्यांच्या कष्टांपुढे माझं हे भाषण काहीच नाही. पण काल दुपारी, तुम्ही सगळे फोटो काढत होतात तेव्हा, मी हेडसरांशी अर्धा तास बोललो. मी त्यांना फक्त एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आप्पांना विचारायला हवा होता, बंधारा बांधण्याआधी. तुम्हाला काय हवं आहे?

कमान हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांनी सांगितलं की आठवी-नववीत येणाऱ्या मुलांपैकी काहींना भागाकार येत नाही आणि वर्गात थांबून तो शिकवायला वेळ नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर जातात आणि परत येतात तेव्हा पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं. मुलींमध्ये रक्त कमी आहे, गोळ्या येतात, पण त्या घेतल्या जातात का हे बघायला कुणी नाही. आणि सर्वांत जास्त वेळ जातो तो दाखल्यांत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर. एका चुकीच्या स्पेलिंगमुळे शिष्यवृत्ती वर्षभर अडते, आणि मजुरी बुडवून आई-बाप सेतू केंद्राच्या चकरा मारतात.

आता या सभागृहात बघा. तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं काढलेला माणूस तिसऱ्या रांगेत बसला आहे. दाखल्याचा कागद त्याला झोपेत उठवला तरी भरता येतो. आपल्या दोन मैत्रिणी नर्स म्हणून निवृत्त झाल्या. गणितात माझ्याहून हुशार असलेले इथे किमान दहा जण आहेत, सरांना विचारा, त्यांना सगळं आठवतं. एक वीज मंडळातला आहे, त्याने काल प्रयोगशाळेतली वायरिंग बघून डोक्याला हात लावला होता. पारोळ्यात किंवा अमळनेर, धुळे, जळगाव इथे राहणारे आपण चाळीसच्या वर आहोत. पुण्या-मुंबईचे आणि नाशिकचे धरलेच नाहीत. ते फोनवरून एखाद्या मुलाचं इंग्रजी वाचन ऐकू शकतात.

अमळनेर इथून वीसेक किलोमीटर. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते, 1930 च्या चळवळीत जाईपर्यंत. त्यांची गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे म्हणून सांगत नाही. फक्त एक बारीक तपशील मला नेहमी थांबवतो. छात्रालयाचे प्रमुख असताना ते मुलं शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या आवरून ठेवत. मुलं नसताना. म्हणजे कुणी बघत नसताना, कुणी सही करणार नसताना.

मी तेवढा मोठा नाही आणि तुम्हीही नाही. आपल्याला वही लागेल. म्हणून मी एक वही आणली आहे. बाहेर मंडपात, नाश्त्याच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, दोनशे पानी, साधी. तीत चार रकाने आखलेत: तारीख, कोण आलं, कुणासाठी आलं, आणि काय राहिलं. तासांचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. हेडसरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन वर्गखोल्या उघड्या ठेवायचं कबूल केलं आहे. चावी शिपाईमामांकडे असेल. नर्स मैत्रिणींसाठी मुलींच्या बाजूची खोली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. दाखल्यांचं काम जून-जुलैत जास्त असतं, तेव्हा दोन जण लागतील. परीक्षेच्या महिन्यात बाहेरच्या माणसांनी शाळेत यायचं नाही, ही हेडसरांची अट आहे आणि ती योग्य आहे. पहिल्या तीन महिन्यांत नावं गळतील, हे मी अनुभवाने सांगतो. चाळीसातले आठ-दहा उरले तरी चालेल, पण ते आठ-दहा नेमके कोणत्या शनिवारी येणार हे शाळेला आधी कळलं पाहिजे. ज्याला जमणार नाही त्याने शुक्रवारी फोन करावा. भागाकार शिकायला आलेलं मूल वाट बघत बसतं, याहून वाईट काही नाही. त्यापेक्षा न बोलावलेलं बरं.

ज्या मुलाला मी तास धरता येणार नाहीत म्हणून सांगितलं होतं, तो आता एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. मागच्या आठवड्यात मी त्याला फोन केला. पंचवीस वर्षांनी. विचारलं, मोठ्या माणसांना आणि मागे पडलेल्या मुलांना शिकवायला सुरुवात कुठून करायची? तो म्हणाला, सर, त्यांच्या नावापासून. मग तोच म्हणाला, पहिल्या शनिवारी मी येऊ का? मी हो म्हटलं आहे.

कमानीच्या समितीची बैठक चहानंतर ग्रंथालयात आहे. मी तिथे येणार आहे, आणि निम्मी रक्कम कमानीला, निम्मी प्रयोगशाळेची वायरिंग आणि दाखल्यांच्या झेरॉक्स-फीला, असं सुचवणार आहे. भांडण झालं तर तिथे करू. इथे बाईंना चहा थंड चाललेला दिसतो आहे.